तुझ्या कुलपात माझं बोट नव्हतं

श्री, काल तुझं तेरावं झालं. गोडाचं जेवण झालं, माणसं हात धुऊन, सुपारी घेऊन निघाली, आणि निघताना जो तो मला बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगत होता. "एवढं कमावलं, पण शेवटी काय घेऊन गेला बरोबर?" तुझ्या रजनीचे भाऊ म्हणाले, तुझ्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, आणि वर्कशॉपमधल्या एकाने तर दोन्ही तळहात उघडे करून दाखवले. मी प्रत्येकाला मान हलवून "खरंय" म्हटलं. घरी येऊन साडी बदलायला उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की हे वाक्य माझंच आहे. गेली कित्येक वर्षं मी ते तुला ऐकवत आले होते, आणि काल सगळ्यांनी मिळून ते मला परत ऐकवलं.

मास्तरीण म्हणून मी पोरांना काय शिकवलं ते देव जाणे, पण फळ्यावर रोज सुविचार लिहायला कधी चुकले नाही. भांडुपच्या शाळेत सकाळी गेल्या गेल्या पहिलं काम ते. ओल्या फडक्याने फळ्याचा वरचा भाग पुसायचा आणि रंगीत खडूने लिहायचं. पैशाने गादी मिळते, झोप मिळत नाही. पैशाने औषध मिळतं, आयुष्य मिळत नाही. पोरं ते वहीत उतरवून घ्यायची आणि मधल्या सुट्टीत विसरून जायची. तुला मात्र सुट्टी नव्हती. तू गाडी घेतलीस की सुविचार, फोन बदललास की सुविचार. ती पाठ रगडून देणारी खुर्ची आणलीस तेव्हा तर मी पंधरा मिनिटं तिच्यात बसून सुविचार सांगत होते. तू हसत म्हणालास, "ताई, खडू खाली ठेव ना जरा. खुर्ची कशी आहे ते सांग." झकास होती खुर्ची. मी ते सांगितलं नाही.

आपण दोघं एकाच दिवसातून दोन निराळ्या गोष्टी शिकलो, तिथूनच हे सगळं सुरू झालं. बाबांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास आणि मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला. घाटकोपरच्या आपल्या चाळीतल्या माणसांनी बाबांना खुर्चीत बसवून जिन्याने खाली नेलं. हॉस्पिटलात आधी डिपॉझिट भरा म्हणाले. तू धावत चाळीत परत आलास, दारोदार फिरून पैसे गोळा केलेस आणि पाकीट घेऊन त्या खिडकीशी उभा राहिलास. खिडकीतला माणूस म्हणाला, एवढ्यात होणार नाही. बाबा संध्याकाळही बघू शकले नाहीत. त्या दिवशी तुझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच, की पैसे असते तर बाबा वाचले असते. मी म्हणत राहिले की त्यांचं हृदयच दमलं होतं, दारात कुबेर उभा असता तरी ते गेले असते. यावर आपण भाऊबीजेला भांडलो, दिवाळीच्या फराळावर भांडलो, एकदा तर रजनीच्या डोहाळजेवणात भांडलो आणि तिने दोघांनाही बाहेर काढलं. कोण बरोबर होतं ते सांगायला आता कोणी उरलेलं नाही.

दहावी झाली तसा तू असल्फ्याला वेल्डिंगच्या दुकानात लागलास. खिडक्यांची ग्रिल करता करता सेफ्टी डोअर करायला लागलास, आणि मग अख्ख्या बिल्डिंगीच्या बिल्डिंगी तुझ्याकडे यायला लागल्या. "अर्ध्या मुलुंडला माझ्यामुळे झोप लागते," असं तू सांगायचास, आणि मी लगेच विचारायची, "आणि तुला रे?" तुला लागत नव्हती हे मला ठाऊक होतं. पहाटे चारला उठून तू हिशेब बघत बसतोस हे रजनीने मला सांगितलं होतं. माझ्या भात्यातला तो आयता बाण होता. तुला झोप का लागत नाही, हे मात्र मी कधी विचारलं नाही.

रजनीच्या आजारपणाच्या वेळी तू तयार होतास. "पैशांकडे बघू नका, डॉक्टर," हे तू पहिल्याच भेटीत सांगितलंस. सांगताना तुझा आवाज जरा चढला होता. चौदा वर्षांचा तू त्या खिडकीतल्या माणसाशी बोलत होतास, हे माझ्याशिवाय तिथे कोणाला कळलं असतं? तिला स्वतंत्र खोली घेतलीस. परदेशातून इंजेक्शनं मागवलीस. दोन नर्स ठेवल्यास, तिला आवडते म्हणून पार्ल्याहून रोज शहाळी आणवलीस. सात महिने. आणि ती गेली. त्या गुळगुळीत पॅसेजमधल्या बाकावर तू माझ्या शेजारी येऊन बसलास. वेल्डिंगच्या ठिणग्यांचे जुने डाग असलेला तुझा हात माझ्या मांडीवर पडला होता. तू विचारलंस, "ताई, या वेळी काय कमी पडलं?"

जन्मभरात तू मला विचारलेला हा एकच खरा प्रश्न. मला तुझा हात हातात घ्यायचा होता. मी म्हणाले, "पैशाने सगळं मिळत नाही रे. आतातरी पटलं ना?"

बायको जाऊन तासही झाला नव्हता आणि मी तुला पटलं ना म्हणून विचारत होते. तू हात काढून घेतलास आणि कागदपत्रं करायला उठलास. या गोष्टीबद्दल मी तुझी माफी मागणार होते. आधी वर्षश्राद्धाला मागू म्हटलं, मग तुझ्या वाढदिवसाला. सोपं वाक्य होतं, मला पाठही झालं होतं. चार वर्षं तोंडातून निघालं नाही.

मग तू मुलुंडला बाविसाव्या मजल्यावर ते घर घेतलंस. एकटा माणूस आणि तीन बेडरूम. मी म्हटलं, काय क्रिकेट खेळणार आहेस? तू मला मधली खोली दाखवलीस. तिथे उंच पलंग होता, कारण मला वाकून बसता येत नाही. खिडकीत तुळस होती. बाथरूममध्ये धरायला दांडा होता, तू स्वतः केलेला, अगदी माझ्या हाताच्या उंचीवर. "ही तुझी खोली, ताई. नाहूरला एकटी कशाला राहतेस? एका स्टेशनाचा तर प्रश्न आहे." ह्यांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. माझ्या दोन खोल्यांत बोलायला प्रेशर कुकरशिवाय कोणी नव्हतं. तरी मी म्हणाले, "मला माझ्या दोन खोल्या पुरेत. मला नाही रे सोस." ती खोली म्हणजे तुझा सोस होता असं मी धरून चालले. तू मला ये म्हणून विनवत होतास. मी महालाला नकार दिला असं समजून ताठ मानेने खाली उतरले.

आणि ते दार. ते तर तू सगळं आयुष्य कामाला लावून केलं होतंस. बाहेरून सागवानी, आत पोलादी पत्रा, चारी बाजूंनी चौकटीत शिरणारे खिळे. नकाशा तुझा, वेल्डिंगही हट्टाने स्वतः केलेलं, साठीला टेकलेला असूनही. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाला तू ते दार उघडून आणि लावून दाखवलंस. लावलं की मऊ आवाज यायचा. त्याला बोट टेकवून उघडायचं कुलूप होतं. लेकीचं, केतकीचं, बोट तू ती नोकरीला बेंगळुरूला जायच्या आधीच त्यात घालून ठेवलं होतंस. आणि पूजा आटपल्यावर, हातातलं कंकणही सोडलं नव्हतंस, तू मला हाक मारलीस.

"ताई, इकडे ये. बोट दे."

"कशाला?"

"कुलपात घालतो. म्हणजे तू कधीही येशील. बेलबिल वाजवायला नको."

"भावाच्या घरात शिरायला मी अंगठा देऊ? अरे, आपल्या चाळीत कडी लावायचं कोणाला ठाऊक नव्हतं. बाबांना उचलायला आठ माणसं आली, ती कुलूप उघडून आली का?"

"चाळ गेली ना ताई आता. उद्या मला काही झालं तर कोण येणार?"

"काही होत नाही तुला. मी बेल वाजवीन, तू उघड. नाही उघडलंस तर परत जाईन."

चारचौघं हसले. मला बरं वाटलं, माझं बोलणं नेहमीसारखं जमलं म्हणून. बोट नोंदवायला काढलेला फोन तू खिशात टाकलास आणि "बरं" म्हणालास. पुढच्या महिन्यात तू कामाला येणाऱ्या सुनीताचं बोट त्यात घातलंस. म्हणजे केतकीचं होतं, सुनीताचं होतं, माझं नव्हतं.

त्या मंगळवारी सुनीता गावाला गेली होती म्हणून मी डबा घेऊन आले. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. दहा वाजले असतील. बेल वाजवली. पुन्हा वाजवली. फोन केला तर तो आत वाजताना ऐकू येत होता. म्हटलं, अंघोळीला असेल. समोरचे गालाभाई बाहेर आले, त्यांनी खाली वॉचमनला विचारलं. तुझी गाडी जागेवर होती आणि तू बाहेर पडलेला नव्हतास. केतकीला फोन लावला. ती ऑफिसात होती. "आत्या, कुलपाचा नंबर बाबा दर महिन्याला बदलतात गं, मला जुनाच माहीत आहे." तो दाबून बघितला, चालला नाही. "किल्ली आहे एक, पण ती आतल्या ड्रॉवरमध्ये आहे." मग गालाभाईंनी विचारलं, "ताई, तोडू या काय?"

मी म्हणाले, "थांबा."

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. गालाभाईंना ते आठवतही नसेल, कारण मी ते अगदी शांतपणे म्हणाले, घरच्या मोठ्या बाईने म्हणावं तसं. "थांबा, पाच-दहा मिनिटं बघू. त्याला अंघोळीला वेळ लागतो." आणि माझ्या मनात काय चाललं होतं ते तुला सांगते. मला ते दार दिसत होतं. त्याच्यावर तू हात फिरवतोस तो दिसत होता. तू टॉवेल गुंडाळून बाहेर येशील, फुटलेलं दार बघशील आणि म्हणशील, "ताई, तुला माझं काही चांगलं बघवतच नाही ना." मला त्या वाक्याची भीती वाटली, कारण ते खरं होतं. एकतीस वर्षं फळ्यावर वस्तूंना तुच्छ लेखत आलेली बाई एका दाराला ओरखडा जाईल म्हणून लॉबीतल्या चपलांच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. पाच मिनिटांची दहा झाली, दहाची वीस. मधे मधे उठून मी बेल वाजवत होते. एकदा तर मी बोटही टेकवून बघितलं, वेड्यासारखं. कुलपाने लाल दिवा दाखवला.

शेवटी मीच म्हणाले, तोडा. दोन वॉचमन आणि गालाभाई खांदा लावून दमले. तुझं काम होतं ते, थोडंच हलणार. एकोणिसाव्या मजल्यावर कोणाच्या तरी घराचं काम चालू होतं, तिथून एक माणूस ग्राइंडर घेऊन आला. त्याने ते दार कापायला घेतलं तेव्हा लॉबीभर ठिणग्या उडाल्या. तो माणूस काम करता करता म्हणाला, "बहुत मजबूत बनाया है किसीने." मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. त्यात आणखी अर्धा तास गेला. माझी वीस मिनिटं आणि तुझ्या दाराचा अर्धा तास, यात तुझा जीव नेमका कोणी घेतला याचा मी रोज विचार करते. भाजी निवडताना करते, देवापुढे बसले तरी करते.

तू हॉलमध्ये पडला होतास, सोफा आणि त्या खुर्चीच्या मधे. हृदयाचे ठोके मोजणारं ते घड्याळ टेबलावर चार्जिंगला लावलेलं होतं. परवा केतकीने तुझं कपाट उघडलं, तर दर सहा महिन्यांच्या तपासण्यांची जाडजूड फाईल निघाली. सगळं नॉर्मल. तुझ्या कोलेस्टेरॉलचं किती कौतुक करायचास. माणसाने मरणाला तोंड द्यायची इतकी तयारी करावी आणि मरणाने फाईल उघडूनही बघू नये.

मी काल दिवसभर ऐकलं की पैसा काही कामाला आला नाही. नाहीच आला. बाबांच्या वेळी नव्हता म्हणून नाही आला, रजनीच्या वेळी होता तरी नाही आला, आणि तुझ्या वेळी तर तो दार होऊन मधे उभा राहिला. तुला मेल्यावर का होईना, हे मान्य करावं लागेल की मी बरोबर होते. पण मला आज बरोबर असण्याचा संताप येतो आहे. मी बरोबर होते म्हणून काय झालं? माझं तत्त्व घेऊन मी दाराबाहेर बसले होते आणि तू आत पडला होतास. तुझ्या पैशाने तुला वाचवलं नाही आणि माझ्या साधेपणानेही नाही. फरक एवढाच की तू निदान प्रयत्न केलास. तू घाबरला होतास आणि घाबरून का होईना, काहीतरी बांधत होतास, आणि त्या प्रत्येक बांधकामात तू माझ्यासाठी एक जागा ठेवत होतास.

माझे हे दोन गुडघे तुझे आहेत. मी नको म्हणत होते, देवाने दिलेल्या गुडघ्यांवर जाईन म्हणत होते. तू मला शिव्या घालत दवाखान्यात नेलंस आणि दोन्ही बदलून आणलेस. त्यांच्याच जोरावर मी त्या दिवशी स्टेशनचा जिना चढून तुझ्याकडे आले. त्याबद्दल मी तुला "थँक्यू" म्हणाले होते का, ते आठवून बघते आणि मला आठवत नाही. मत्सर होता, श्री. धाकट्या भावाचा मत्सर. तू दहावीला पंचेचाळीस टक्के मिळवणारा आणि मी वर्गात पहिली येणारी. तू वर वर जात राहिलास आणि मला खालून फेकायला सुविचारांशिवाय काही सापडलं नाही. हे मला आज कळलं असं म्हणणार नाही. पूर्वीच कळलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात तू एकदा दुपारी नाहूरला आलास, न सांगता. गॅलरीच्या दाराची कडी बसत नव्हती ती ठोकून दिलीस, जमिनीवर बसून जेवलास, दोनदा भात घेतलास, आणि चटईवर आडवा झालास. दोन तास झोपलास रे तू. घोरत होतास. मी पंखा वाढवला, पडदा लावला आणि नुसती बसून राहिले. इतकं सुख मला खूप दिवसांनी झालं होतं. तू उठलास, डोळे चोळत म्हणालास, "इथे झोप लागते गं." आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "बघ. मी म्हणत नव्हते? गादीने झोप येत नाही." तुझा चेहरा मिटला. चहासुद्धा अर्धा ठेवून तू चपला घातल्यास. त्या वेळी मी फक्त "रोज येत जा" म्हटलं असतं तर तू आला असतास. तू वाटच बघत होतास कोणीतरी म्हणायची. पुन्हा तू असा कधी आला नाहीस.

आता सांग, मी कोणावर ओरडू? केतकीने नवीन दार बसवायला माणूस बोलावला होता. तो विचारत होता, कसं हवं? ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, साधं, एका लाथेत उघडेल असं. ती रडत रडत हसली. तिला वाटलं, आत्या नेहमीसारखं काहीतरी बोलतेय.

आज सकाळी ती परत गेली. गाडी खाली थांबली होती, पण ती लॉबीत उभी राहिली. त्या कापलेल्या चौकटीला टेकून तिने मला विचारलं, "आत्या, एक खरं सांग. डॉक्टर म्हणाले बाबा आठ-साडेआठलाच गेले असतील. म्हणजे तू आलीस तेव्हा काही करण्यासारखं नव्हतंच ना?" सव्वीस वर्षांची पोर, आई गेली, बाप गेला, आणि तिला एवढ्या एका उत्तरावर उरलेलं आयुष्य काढायचं आहे. मी म्हणाले, "नव्हतं गं. आधीच गेला होता तो. जा तू, विमान चुकेल." तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, बरं झालं तू होतीस.

डॉक्टर आले ते दार उघडल्यावर पाऊण तासाने, श्री. त्याआधी, सगळ्यांच्या आधी, मी आत शिरले होते आणि खाली बसून तुझे पाय मांडीवर घेतले होते. गरम होते. तळवेसुद्धा गरम होते.